मुखवटा बोलत नाही, मग बोलतं कोण?

मागच्या महिन्यात या सदरातल्या एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले, की बँकॉकला असताना मी 'हनुमानाला अंगरख्यात शिवायची'. छपाईची चूक समजून तिघांनी कळवलं, की 'हनुमानाचा अंगरखा' असं हवं होतं. चूक नाही हो. खोन नावाचं थायलंडचं मुखवट्यांचं नृत्यनाट्य आहे, रामायणावरचं. त्याचा जरीकामाचा पोशाख अंगाला घट्ट बसावा म्हणून हुक-बटणांवर विसंबत नाहीत. नट उभा राहतो आणि त्याला त्या कपड्यात सुईदोऱ्याने शिवून टाकतात. प्रयोग संपला की टाके कापून सोडवतात. यजमानांच्या नोकरीमुळे आमचा मुक्काम तिथे पडला आणि सहा वर्षं मी त्या शिवणाऱ्या बायकांमध्ये बसले. आमच्यातल्या थोरलीला सगळे 'पा' म्हणत. थायमध्ये पा म्हणजे आईची किंवा वडिलांची मोठी बहीण. पुढच्या उत्तरांत बरंचसं ज्ञान तिचं आहे, चुका माझ्या.

एवढ्या खुलाशानंतर पत्रं जी आली ती सगळी खोनवरच. म्हणून हा अंक त्यालाच दिला आहे.

प्रश्न : ताई, आमचा हौशी नाट्यसंघ रामायणावर दोन अंकी नाटक बसवतोय. ग्रंथ हातात घेतला की कुठे कापावं कळत नाही, सगळंच महत्त्वाचं वाटतं. खोनवाले एवढं मोठं रामायण दोन-तीन तासांत कसं बसवतात? — एक दिग्दर्शक, सातारा

बसवतच नाहीत. खोनच्या जाहिरातीवर प्रसंगाचं नाव असतं : 'सेतुबंधन', 'मैयारापचं युद्ध' (मैयाराप म्हणजे आपला महिरावण), 'नांग लॉय' म्हणजे तरंगणारी स्त्री. मागचंपुढचं प्रेक्षकाला ठाऊक आहे असं धरून चालतात, आणि ते ठाऊक असतंही. बँकॉकच्या राजवाड्यातल्या वाट फ्रा केव देवळाच्या ओवऱ्यांत सगळी कथा 178 भित्तिचित्रांत रंगवलेली आहे. शाळेच्या सहली तिथून रांगेने जातात.

थाई रामायणाला 'रामकियन' म्हणतात. 1767 साली बर्मी फौजेने अयुथ्या राजधानी जाळली, तेव्हा जुन्या पोथ्यांचा फार मोठा भाग गेला. पुढे पहिल्या राम राजाने (हा देव नव्हे, थायलंडचा राजा) 1797 मध्ये दरबारी कवींना हाताशी धरून पूर्ण रामकियन पुन्हा लिहून घेतलं. हे कोठार झालं. कोठारातलं धान्य कोणी तसंच ताटात वाढत नाही. त्याच्या मुलाने, दुसऱ्या रामाने, त्यातले निवडक भाग नाचणाऱ्यांसाठी नव्याने लिहिले. असं सांगतात की ओळी लिहून झाल्या की नृत्याची जबाबदारी असलेल्या राजपुत्राकडे जायच्या. हात-पाय त्या ओळीत बसत नसतील तर संहिता परत यायची आणि राजा ती दुरुस्त करायचा. लेखक राजा असूनही! आपल्याकडच्या काही नाटककारांना ही गोष्ट सांगावीशी वाटते, पण जाऊ दे. पुढे सहाव्या रामाने (1910 ते 1925) उलटी वाट धरली. तो वाल्मीकीकडे गेला आणि तिथून प्रसंग घेऊन स्वतः खोनच्या संहिता लिहिल्या.

आता तुमच्या कापाकापीकडे येते. खोनमध्ये प्रश्न 'काय कापायचं' असा येतच नाही, 'हे काम कोणाला द्यायचं' असा येतो. मुखवटा घातलेल्या नटाला बोलता येत नाही. त्यामुळे ग्रंथातली प्रत्येक ओळ आधी नटाच्या तोंडातून काढून घेतली जाते आणि मग वाटली जाते.

पहिला वाटा बाजूला असलेल्या निवेदकांचा. त्यांचं बोलणं दोन तऱ्हांचं : 'पाक' म्हणजे ठरलेल्या वृत्तातलं पठण आणि 'चेरचा' म्हणजे गद्याच्या अंगाने जाणारे संवाद. पाकचे साचे तयार आहेत. दरबार भरल्याचा वेगळा, रथाच्या वर्णनाचा वेगळा, अरण्याच्या वर्णनाचा वेगळा, विलापाचा वेगळा. कडवं संपलं की तफोन नावाचा ढोल वाजतो, त्यामागून मोठा ढोल दोन ठोके देतो आणि आतली सगळी मंडळी एका आवाजात ओरडतात, 'फेय!' पहिल्या दिवशी मी दचकून सुई बोटात खुपसून घेतली होती. चेरचा मात्र निवेदक पूर्वी जागेवरच रचायचे. आपल्या दशावतारात नट उभ्याउभ्या संवाद रचतो ना, तसंच. फरक एवढाच की इथे रचणारा एक आणि हातवारे करणारा दुसरा, आणि दोघांचा श्वास एक पाहिजे.

दुसरा वाटा पीफात वाद्यवृंदाचा. त्यात रनात म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, गोलात मांडलेल्या घंटा, सनईच्या कुळातली पी, ढोल आणि टाळांसारखी छिंग. प्रत्येक कृतीची धून ठरलेली आहे. राम आणि वानरांची सेना निघाली की 'क्राव नोक', राक्षसांची निघाली की 'क्राव नाय', रडण्याला 'ओत'. म्हणजे ग्रंथात 'मग सैन्य निघालं' यावर जी वीस कडवी आहेत ती संहितेत एका शब्दावर येतात : धुनेचं नाव. पा संहितेचं पान उलटं धरून सुद्धा सांगायची की आता कोण येणार, कारण ती कानाने वाचायची.

तिसरा वाटा शरीराचा. लढाईची वर्णनं घ्या. रामाने बाण मारला, थोत्सकानने (दशकंठ, म्हणजे रावण) परतवला, असं पानंच्या पानं चालतं. रंगमंचावर काय होतं? थोडा वेळ झटापट, आणि मग राम राक्षसाच्या वाकवलेल्या मांडीवर एक पाय देऊन वर चढतो, दुसरा पाय मागे, धनुष्य उचललेलं, आणि दोघे जागच्या जागी थांबतात. याला 'खुएन लॉय' म्हणतात. चढणारा दिसतो डौलदार, पण खरं काम खालच्याचं. राक्षसाची भूमिका करणाऱ्यांच्या मांड्या मी मापाच्या टेपने मोजल्या आहेत, म्हणून सांगते.

'नांग लॉय'चं एक उदाहरण नीट सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. युद्ध टाळावं म्हणून थोत्सकान आपल्या पुतणीला, बिभीषणाची मुलगी बेन्याकाय हिला सांगतो : सीतेचं रूप घे, मेल्याचं सोंग कर आणि रामाच्या छावणीपाशी नदीत तरंगत जा. बायको मेली तर राम लढेल कशाला? राम पहाटे नदीवर येतो, प्रेत बघतो, कोसळतो. हनुमानाला मात्र शंका येते. प्रेत कुजलेलं नाही आणि प्रवाहाच्या उलट दिशेने आलं आहे. तो म्हणतो, चितेवर ठेवून बघू. ज्वाळा लागताच बेन्याकाय धुराबरोबर आकाशात झेपावते आणि हनुमान तिला पकडून आणतो.

कुठलाही शहाणा लेखक प्रेत, विलाप आणि चिता एवढंच धरेल. खोनवाले सर्वांत निवांत कुठे थांबतात माहीत आहे? त्याच्या आधी. बेन्याकाय सीता होते तिथे. एका नटीच्या जागी दुसरी येते आणि सुरू होतो 'छुय छाय', म्हणजे नवं रूप मिळाल्यावर स्वतःवरच खूश होऊन केलेला नाच. गायिका ओळ म्हणते आणि पी वाजवणारा तीच ओळ शब्दांसकट वाजवल्यासारखी परत म्हणतो. ती हात बघते, पदर बघते, मान किंचित कलते. गोष्ट तसूभर पुढे सरकत नाही. मग ती काकांना रूप दाखवायला जाते आणि काका, लंकेचा राजा, खरी सीताच आली समजून लाडात येतो. ती खरं रूप घेते तेव्हा त्याची जी फजिती होते, तिच्यावर हशा. यानंतर नदीवरचा रामाचा विलाप येतो. आधी हसलेले प्रेक्षक त्या विलापाला जे गप्प होतात, ते हसले नसते तर झाले नसते.

तेव्हा तुमच्या दोन अंकांत मी काय करीन? एकच प्रसंग घेईन, आणि त्यात गोष्ट जिथे पुढे जात नाही अशी एक जागा शोधून तिथे पाय पसरून बसेन.

प्रश्न : बँकॉकच्या सहलीत आम्हाला खोन दाखवलं. त्यात ब्रह्मचारी हनुमान एका मत्स्यकन्येशी चक्क प्रेमाराधन करत होता. मन विषण्ण झालं. आपल्या महाकाव्याची अशी मोडतोड त्यांनी का करावी? — सेवानिवृत्त मुख्याध्यापक, मिरज

सर, तुमची विषण्णता समजते, पण 'आपल्या' या शब्दापाशी मी अडते. ते रामायण त्यांचंही आहे. अयुथ्येच्या दरबारात 1687 साली आलेल्या ला लुबेर या फ्रेंच वकिलाने मुखवटे आणि शस्त्रं घेऊन नाचणाऱ्या या खोनचं वर्णन लिहून ठेवलं आहे. थायलंडच्या चक्री राजघराण्यातल्या राजांना आपण 'राम' म्हणूनच ओळखतो. उसनं आणलेलं इतकी वर्षं कोणी असं जपत नाही.

ती मत्स्यकन्या म्हणजे सुफन्नमच्छा, थोत्सकानची मुलगी. सेतूसाठी वानर जे दगड टाकतात ते तिची माशांची फौज पाण्याखालून पळवते. हनुमान शोधायला बुडी मारतो, तिचा पाठलाग करतो, आणि पुढचं तुम्ही बघितलंत. त्यांना मुलगा होतो मच्छानु, माशाची शेपटी असलेलं वानर. तो मोठा होऊन मैयारापच्या पाताळाच्या वाटेवर राखण करतो आणि बापाशीच लढतो. ओळख पटवायला हनुमान जांभई देतो, आणि जांभईतून चंद्र-तारे बाहेर पडतात.

सर, ओळखीचं काही वाटलं? महिरावणाच्या पाताळाचा पहारेकरी मकरध्वज आपल्याकडेही आहेच, आणि तोही हनुमानाचाच मुलगा. आपण फक्त घामाच्या थेंबावर भागवलं. त्यांनी भागवलं नाही, एवढंच.

रामकियनमधला हनुमान शूर, खट्याळ आणि रसिक आहे. तिथली मुलं तो आला की पुढे सरसावून बसतात. पण भक्तीत तो तसूभर कमी नाही.

आणखी एक सांगते, म्हणजे मन जरा हलकं होईल. थोत्सकानचा मागचा जन्म. नोन्थुक नावाचा एक राक्षस कैलासाच्या पायथ्याशी देवांचे पाय धुवायचा. येणारा-जाणारा देव त्याच्या डोक्यावर टपली मारायचा, केस उपटायचा. तो टक्कल पडेपर्यंत हे चाललं. शेवटी शंकराने त्याला वर म्हणून एक हिऱ्याचं बोट दिलं : ज्याच्याकडे दाखवशील तो मरेल. पुढे भस्मासुर-मोहिनीची कथाच होते. नाराय, म्हणजे विष्णू, सुंदर स्त्री होऊन नाचतो आणि नोन्थुक तिच्या मागोमाग हातवारे करता करता स्वतःच्याच पायाकडे बोट करतो. पडल्यावर तो म्हणतो, तुला चार हात, मला दोन, ही काय लढाई झाली? नाराय म्हणतो, ठीक आहे, पुढच्या जन्मी तू दहा तोंडं आणि वीस हात घेऊन ये. मी दोन हातांचा माणूस होऊन येईन.

रावणाला वीस हात का आणि राम माणूस का, याचं इतकं नेटकं उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही. आणि खोनसाठी तर हे सोन्यासारखं आहे, कारण राक्षसाचा मृत्यू नाचातच होतो. रूपांतर करणाऱ्याला काही वेगळं करावंच लागत नाही.

प्रश्न : राम-लक्ष्मणाला मुखवटे नव्हते, मग ओळखायचं कसं? — सहावीतली विद्यार्थिनी

रंगावरून. राम हिरवा, लक्ष्मण सोनेरी पिवळा. हनुमान पांढरा, सुग्रीव तांबडा, अंगद हिरवा, निलफत नावाचा वानर काळा. पूर्वी राम-लक्ष्मणही मुखवटे घालत. आता ते आणि स्त्रिया नुसता मुकुट घालतात. पण एक गंमत कर : त्यांच्या चेहऱ्याकडे बघ. उघडा असला तरी तो मुखवट्यासारखाच स्थिर ठेवतात. थोत्सकानचा मुखवटाही हिरवाच, पण डोक्यावर छोट्या तोंडांच्या उतरंडी असतात, दहा पूर्ण करायला. मुखवटे मातीच्या साच्यावर कागदाचे थर चिकटवून करतात. वाळले की कापून साचा काढून टाकायचा, मग लाखेची नक्षी, सोन्याचा वर्ख आणि रंग.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे, भरतनाट्यम शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर बँकॉकला खोन शिकेल का? — एक आई, ठाणे

खोन महिनाभरात शिकून होत नाही, हे आधी सांगते. मुलं साधारण आठ-दहा वर्षांची असताना घेतात आणि गुरुजी अंगकाठी बघून गट पाडतात : नायक, स्त्री, राक्षस, वानर. पुढे आयुष्यभर बहुधा तोच गट. सुरुवातीचे कित्येक महिने दोनच गोष्टी चालतात. 'तोप खाव', म्हणजे बसून तालात गुडघ्यांवर हात मारत राहणं, आणि 'तेन साव', म्हणजे गुडघे वाकवून एकेक पाय जमिनीवर आपटत राहणं. बघायला आलेले पालक पंधरा मिनिटांत उठून जातात.

गुरुवंदनेचा विधी मात्र तिला दाखवाच. तो गुरुवारी करतात. मुखवटे देवासारखे मांडलेले असतात, मधोमध 'फो के', म्हणजे म्हातारे ऋषी. थाई नर्तक त्यांना नाट्यविद्येचे आद्य गुरू मानतात आणि भरतमुनींशी त्यांचं नातं लावतात. गुरू तो मुखवटा क्षणभर शिष्याच्या डोक्यावर ठेवतो. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीला ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

प्रश्न : खोनमध्ये रावणवध दाखवत नाहीत असं ऐकलं. मग नाटक संपतं कशाने? आणि परंपरेत बदल कोणी करू धजतं का? — एक वाचक, पुणे

बरोबर ऐकलंत. थोत्सकान रंगमंचावर मरणं अशुभ मानतात, परंपरेने ते टाळतात. कुंभकर्ण पडतो, इंद्रजित पडतो, थोत्सकान हरून माघारी जातो. आमच्याकडे थोत्सकान करणारे गृहस्थ मुखवटा चढवण्याआधी त्याला हात जोडत. त्यानंतर कोणी त्यांच्याशी भाजीपाल्याच्या गप्पा मारत नसे.

2016 साली पर्यटनाच्या एका गाण्याच्या चित्रफितीत थोत्सकान आणि मंडळी देशभर मजा करत हिंडताना दाखवली होती. एका ठिकाणी लंकाधिपती बाजारात बसून खनोम क्रोक भाजतो. आपल्या आप्प्यांच्या पात्रासारख्याच खळग्यांच्या तव्यात करतात, नारळाच्या दुधाचा गोड पदार्थ. राजाला असं बसवलं म्हणून तक्रारी झाल्या आणि चित्रफीत काटछाट करून पुन्हा आणावी लागली. तिथल्या तरुणांनी तक्रारदारांची यथेच्छ टिंगलही केली. माझं मत विचाराल तर खनोम क्रोक भाजणारा रावण मला आवडला. पा हिला आवडला नाही. आम्ही त्यावर दोन दिवस बोललो नाही.

बदल पोशाखात आणि नेपथ्यात पुष्कळ होतात. थायलंडच्या राणी सिरिकित यांच्या आश्रयाने जे मोठे खोन होऊ लागले, 2010 मध्ये 'नांग लॉय', 2012 मध्ये 'सेतुबंधन', त्यांच्यासाठी जुन्या जरीकामाचा अभ्यास करून पोशाख नव्याने विणून-भरून घेतले. 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत खोनचं नाव आलं आणि त्याच वर्षी कंबोडियाचं मुखवटानाट्यही वेगळ्या यादीत आलं. त्यावरून 'मूळ कोणाचं' हा वाद रंगला. त्यात मी पडत नाही.

प्रश्न : ताई, डिसेंबरात बँकॉकला जातोय. थाई येत नाही. खोन बघताना नेमकं कुठे बघू? — एक जोडपं, कोल्हापूर

साला चालर्मक्रुंग हे 1933 सालचं जुनं नाट्यगृह आहे, आणि सनाम लुआंग मैदानाजवळ राष्ट्रीय नाट्यगृह आहे. कुठे काय चाललंय ते गेल्यावर विचारा. 'थोत्सकान बागेत जातो' हा प्रसंग असेल तर तोच घ्या. त्यात तो सोनेरी तोंडाचा मुखवटा घालतो, फुलं माळतो, नटूनथटून सीतेची मनधरणी करायला निघतो. मुखवट्याची रेषही हलत नाही. पण खांदे बघा, पावलं बघा, वाट बघताना हातातला पंखा कसा हलतो ते बघा. एवढा मोठा राक्षस लाजतोय हे तुम्हाला शेवटच्या रांगेतूनही कळेल, भाषा न येता.

आणि वानर उकिडवे बसतील तेव्हा त्यांच्या शिवणीकडे बघू नका. एकदा माझ्या हातून एका हनुमानाला जरा जास्तच घट्ट शिवलं गेलं. पहिल्याच उडीला मागून टरर्र झालं. त्या पोराने उरलेला सगळा प्रवेश प्रेक्षकांकडे पाठ न करता केला. कोलांटीसुद्धा आडवी घेतली. लोकांना वाटलं, काय नवीन चाली बसवल्यात! आत आल्यावर पा हिने एक शब्द न बोलता कात्री माझ्या हातात दिली आणि त्याचे टाके उसवायला बसवलं. तो मुखवटा काढून इतका हसत होता की मला टाका सापडेना.